वय झालं, हे निदान नव्हे

कोरियात वडीलधाऱ्यांसाठी आकड्यांत बांधलेली एक सदिच्छा आहे: ९९८८२३४. नव्व्याण्णव वर्षं जगा, तेही 'पालपाल'. 'पाल' म्हणजे आठ आणि 'पालपाल' म्हणजे ठणठणीत. मग दोन-तीन दिवस आजारी पडा आणि चौथ्या दिवशी जा, कारण 'सा' म्हणजे चार आणि मरणही. आपल्याकडे 'हातीपायी धड असताना बोलावणं यावं' म्हणतात, तेच हे मागणं. मागणं वर्षांचं कमी आणि पायांचं जास्त आहे. पण त्याच पायांतलं मांस झडू लागलं की घरचे म्हणतात, डॉक्टरही म्हणतात, 'वय झालं.' माझा आक्षेप या दोन शब्दांवर आहे.

उतारवयात स्नायू, त्यांची ताकद आणि त्यासोबत चालण्या-उठण्याची क्षमता घटत जाते. या अवस्थेला अमेरिकन संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास 'सार्कोपेनिया' असं नाव दिलं. कोरियाने २०२१ पासून आपल्या रोगांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला जागा दिली. यावर विरोधक म्हणतात, केस पिकतात तसे स्नायूही झडणारच. त्याला रोग म्हणायचं म्हणजे औषधवाल्यांची सोय करायची. ही शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिला उत्तरही सरळ दिलं पाहिजे. सार्कोपेनियावर आजवर खास मान्यताप्राप्त औषधच नाही. उपाय आहे तो व्यायाम आणि पुरेशा अन्नाचा. शिवाय पिकलेले केस पुन्हा काळे होत नाहीत. स्नायूंचं तसं नाही. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धालयात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांकडून आठ आठवडे मांड्यांचा, वजनं लावून, जोरकस व्यायाम करून घेतला. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. त्या आठ आठवड्यांत त्यांचं वय काही कमी झालं नव्हतं. दोष निव्वळ वयाचा असता तर हे घडलंच नसतं.

दुसरा युक्तिवाद मला जास्त बोचतो: 'जन्मभर शेतात राबलेल्या बाईला व्यायाम कसला शिकवता?' कोरियाच्या खेड्यांत जाऊन त्या बाईकडे बघा. मिरचीच्या, लसणाच्या वाफ्यांत ती तासन्‌तास उकिडवी बसते. कमरेला मागच्या बाजूने एक जाड गोल गादी बांधलेली, तेवढाच टेकू. चाळीस-पन्नास वर्षं हे केल्यावर पाठ ताठ ठेवणारे स्नायू झिजतात आणि ती कमरेत काटकोनात वाकते. मग नातवंडांची जुनी बाबागाडी आधाराला ढकलत ती रस्त्याने चालते. कोरियन आणि जपानी शल्यविशारदांनी शेतकरी स्त्रियांमधल्या या विकृतीची स्वतंत्र नोंद केली आहे. कष्टाने शरीर झिजतं. ताकद वाढायला हळूहळू वाढवलेला भार लागतो, विश्रांती लागते, पोटात प्रथिनं लागतात. राबणाऱ्या बाईला यांतलं काहीच मिळत नाही.

प्रथिनांचं नाव निघालं की बाजार डबे घेऊन उभाच असतो. १९९४ साली त्याच बोस्टनमध्ये शंभर अशक्त वृद्धांवर पुढचा प्रयोग झाला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद वाढली. नुसतं पूरक पेय पिणाऱ्यांच्या हाती काही लागलं नाही. म्हणून अन्न गौण ठरत नाही. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज किमान एक ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात. पन्नास किलोच्या आजीला ती पन्नास ग्रॅम लागतील. वाडगाभर भातात असतात पाच-सहा, आणि किमचीत, म्हणजे आंबवलेल्या भाजीत, जवळपास नाहीतच. अंडी, टोफू, मासे हवेत, आणि इथे प्रश्न पैशाचा होतो. श्रीमंत देशांच्या ओईसीडी गटात वृद्धांची सर्वाधिक गरिबी कोरियात आहे. पासष्टीपुढच्या दर दहांतले साधारण चार सापेक्ष दारिद्र्यात जगतात. सोलच्या रस्त्यावर पुठ्ठे वेचून हातगाडी ओढणाऱ्या आजोबांना 'प्रथिनं खा' हा उपदेश करणं मला क्रूर वाटतं.

जगण्याची गुणवत्ता मोजण्याचं कामही नीट झालं पाहिजे. कोरियाच्या राष्ट्रीय आरोग्य-पोषण पाहणीत वापरली गेलेली प्रश्नावली पाच गोष्टी विचारते: हिंडणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी. प्रश्न चांगले आहेत. पण कोरियन घर जमिनीवर नांदतं. ओंदोलच्या उबदार फरशीवर बसणं, जेवणं, झोपणं. सोलालला, म्हणजे चांद्र नववर्षाला, नातवंडांचा नमस्कार घेणं. पितरांपुढे गुडघे टेकून वाकणं. जमिनीवरून आधाराशिवाय उठता येतं का, हे त्या पाचांत कुठेच विचारलेलं नाही. ज्या आजीला ते जमत नाही तिचं घर तिच्यासाठी परकं झालेलं असतं, मग ती शंभर वर्षं का जगेना.

ही घसरण पालटता येते, आणि ते कोरियानेच दाखवलंय. ऑलिंपिकमुळे जगाला ठाऊक झालेल्या प्योंगचांगच्या ग्रामीण भागात वृद्धांसाठी २४ आठवड्यांचा कार्यक्रम झाला: आठवड्यातून दोनदा गटाने व्यायाम, पोषक आहार, उदासीवर उपचार, नको ती औषधं बंद करणं, घरात घसरून-अडखळून पडण्याच्या जागा दुरुस्त करणं. त्यांची शारीरिक क्षमता सुधारली.

कोरियात गावोगावी, गल्लोगल्ली 'ग्यंगनोदांग' आहेत, म्हाताऱ्यांच्या बैठकीच्या जागा. त्यांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. तांदळासाठी आणि थंडीत खोली उबदार ठेवण्यासाठी सरकार तिथे अनुदान देतं. काही ठिकाणी व्यायाम शिकवणारेही येतात. माझी मागणी एवढीच आहे की ते प्रत्येक ठिकाणी, आठवड्यातून दोनदा, वर्षभर यावेत, आणि तांदळाच्या पोत्यासोबत अंड्यांचा ट्रेही उतरावा.