दुर्बीण लावलेली 'जुनी' बंदूक

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण भाच्याशी आहे, पण त्याच्यासारखे बरेच असणार म्हणून इथे लिहितो.

पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या माझ्या भाच्याला ठासणीच्या बंदुकीने हरणाची शिकार करायची आहे. पहिली बंदूक कुठली घेऊ, असं विचारताना त्याने फोटोही पाठवला. चकचकीत स्टीलची नळी, प्लॅस्टिकचा काळा दस्ता आणि वर हातभर दुर्बीण. "मामा, हीच घेतो. दुकानदार म्हणाला, दोनशे यार्डांवरून हरीण पडेल."

ज्यांना शिकार हा शब्दच खुपला, त्यांच्याशी आधी बोलतो. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद केली, ते योग्यच झालं. तिथली गोष्ट निराळी. पेनसिल्व्हेनियात एकेकाळी हरणं जवळजवळ संपली होती. 1895 मध्ये शिकारीवर देखरेख करणारं खातं निघालं आणि 1906 पासून बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली. लांडगे आणि प्यूमा मात्र आधीच संपवलेले. मग हरणं इतकी वाढली की जंगलातली कोवळी रोपंही टिकेनात. आज तिथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत शिकार होते आणि मांस खाल्लं जातं. ज्यांच्या घरी दर रविवारी कोंबडी शिजते, त्यांनी भाच्याला अहिंसा शिकवू नये. शाकाहारी मंडळींचा अधिकार मला मान्य आहे.

आता मूळ मुद्दा. ठासणीच्या बंदुकीला वेगळा हंगाम मिळाला तो कशासाठी? पेनसिल्व्हेनियाने 1974 मध्ये चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला. एकच बार, तो चुकला की पुन्हा दारू, चिंधी, गोळी, गज. शिकाऱ्याने स्वतःवर अडचण ओढवून घ्यायची, म्हणून त्याला जादा दिवस. हा सरळ सौदा आहे. पुढे 1985 मध्ये टोनी नाइट यांची एमके-85 आली आणि 'इनलाइन' बंदुकांचं पेव फुटलं. आज त्यांत दारूच्या अगदी मागे काडतुसाचा प्रायमर बसतो, दारूच्या तयार गोळ्या मिळतात, वर दुर्बीण असते. गोळी तोंडातून भरतात एवढंच काय ते जुनं. अडचण काढून टाकायची आणि सवलत मात्र ठेवायची, याला आमच्या शाळेत कॉपी म्हणत.

ऑक्टोबरमधल्या छोट्या हंगामात इनलाइन कायद्याने चालते, हे मला ठाऊक आहे. कायदेशीर आहे म्हणून शोभतं असं नाही. शिवाय नाताळानंतरच्या हंगामात ती चालतच नाही. तिथे चकमकच लागते. चकमकीची बंदूक दोन्हीकडे चालते. मग पहिली कुठली घ्यावी, हे व्यवहारानेही ठरतं.

समोरचा मुद्दा वजनदार आहे, तो टाळणार नाही. चकमकीत चाप ओढल्यापासून बार निघेपर्यंत किंचित वेळ जातो. तेवढ्यात हात हलला तर जनावर जखमी होऊन पळेल आणि कुठेतरी तडफडत मरेल. मग अचूक बंदूकच दयाळू नाही का? असती, जर माणूस पन्नास यार्डांवर थांबला असता. पण दुर्बीण लावलेला माणूस थांबत नाही, तो दोनशेवर जातो. वारा, थरथर आणि घाई दुर्बिणीतून दिसत नाहीत. जनावर वाचतं ते शिकाऱ्याने 'आज बार नाही' म्हटल्याने. हे म्हणायला चकमक शिकवते. ज्याला सरावाला वेळच नाही, त्याने इनलाइन घ्यावी हे मी मान्य करतो. पण त्यानेही शंभराच्या आतच राहावं.

तर भाच्या, .50 कॅलिबरची चकमकीची रायफल घे, कायद्याला किमान.44 लागते. गोल गोळीसाठी नळीतला पीळ संथ हवा, 48 किंवा 66 इंचांत एक वेढा. गोळी .490 ची, भोवती तेलकट चिंधी. दारू फक्त काळी, नळीसाठी एफएफजी, रंजकासाठी सर्वांत बारीक. आधुनिक बिनधुराची दारू चिमूटभरही नको, नळी फुटेल. सुरुवात 70 ग्रेनने कर आणि बंदुकीच्या पुस्तिकेतली मर्यादा ओलांडू नको. दारू मापात घे, शिंगातून थेट नळीत कधीच ओतू नको. आत ठिणगी उरली असेल तर हातातलं शिंगच पेटेल. गोळी दारूवर पक्की बसली की गजावर खूण कर. पुढच्या वेळी खूण वर राहिली तर गोळी मध्येच अडकली आहे असं समज. रंजक थोडंच घाल, कान बुजू देऊ नको. गारगोटी चामड्यात घट्ट आवळ.

आधी 25 यार्डांवर, मग 50 वर नेम बसव. प्रत्येक बारानंतर ओल्या चिंधीने नळी पूस. पाच गोळ्या एका बशीत बसतील तेवढंच तुझं अंतर. त्यापुढचं हरीण तुझं नाही. बार निघाला नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून मिनिटभर थांब. त्याच दिवशी गरम पाण्याने नळी धू आणि कोरडी करून तेल लाव, कारण या दारूची राख ओल धरून लोखंड खाते.

लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी ज्या लांब रायफली घडवल्या, त्या तुझ्या राज्यातल्याच. तिथे राहून प्लॅस्टिकचा दस्ता कशाला?

यंदा एकही हरीण मिळालं नाही तरी चालेल. जखमी होऊन निसटलेलं एकही नको.