क्षार एक, अर्थ अनेक



उसाची तोडणी उरकली, ऊन तापू लागले, की उजनीच्या कालव्याखालच्या गावांत एक प्रश्न हमखास कानी येतो : "साहेब, रानाला क्षार फुटलाय, जिप्सम किती टाकू?" उत्तर देण्याआधी मला उलट विचारावे लागते, "अण्णा, तुमचा क्षार कोणता?" कारण शब्द एक असला तरी त्याचे अर्थ अनेक आहेत, आणि या घोटाळ्यात पैसा जातो, कधी जमीनही जाते.

घरापासून सुरुवात करू. पापडाच्या पिठात आपण पापडखार घालतो. वैद्य जवखार देतात. तो जवाचे झाड जाळून त्याच्या राखेतून काढतात. हा खार म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, बोटांना बुळबुळीत लागणारा पदार्थ. त्याला अल्क म्हणतात. 'अल्कली' हा शब्दसुद्धा अरबी भाषेतून, वनस्पतीच्या राखेवरूनच आला आहे. सूत रंगवण्याआधी ते स्वच्छ करायला कारखान्यात कॉस्टिक सोडा वापरतात, तोही याच कुळातला.

आता मुलांचे विज्ञानाचे पुस्तक उघडा. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार व पाणी तयार होते, असे तिथे सांगितलेले असते. इथे क्षार म्हणजे मीठ आणि त्याचे भाऊबंद. या हिशेबाने अमोनियम सल्फेट हे खतही क्षार आणि खुद्द जिप्समही क्षारच! बोअरच्या पाण्याने हंड्याला जो पांढरा थर बसतो, त्यालाही आपण क्षारच म्हणतो. तो बहुतेक चुन्याचा असतो.

पुराणकथांत जंबुद्वीपाभोवती क्षारसमुद्र आहे, म्हणजे खाऱ्या पाण्याचा. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारची कथा तर प्रसिद्धच आहे. तिथे लवणासुर राहत होता व विष्णूने त्याचा वध केला, असे सांगतात. शास्त्रज्ञ म्हणतात, ते विवर उल्केच्या आघाताने झाले. त्या सरोवराच्या पाण्यात मीठ आहे आणि सोडाही आहे. म्हणून 'आईन-इ-अकबरी'तही तिथे काच व साबण करण्याचा माल मिळतो, अशी नोंद आहे. कथेने नाव दिले मिठाचे, धंदेवाल्यांनी नेला सोडा!

लोणारात जे दोन्ही एका ठिकाणी आहेत, ते आपल्या रानात मात्र वेगवेगळे ओळखावे लागतात.

पहिली क्षारपड जमीन. हिच्यात मिठासारखे विरघळणारे क्षार साचतात. उन्हाळ्यात वर पांढरा थर दिसतो, पण खालची माती भुसभुशीत असते. सामू बहुधा ८.५ च्या खाली असतो. हिला जिप्सम नको. चर काढून निचरा करा, वाफे बांधून गोडे पाणी साठवा आणि क्षार खाली धुवून काढा.

दुसरी चोपण जमीन. हिच्यात सोडियम मातीच्या कणांनाच चिकटून बसतो. ओली असता चिकट, वाळली की दगड. पाणी वर तुंबून राहते. सामू ८.५ च्या वर आणि कणांना चिकटलेला सोडियम शेकडा १५ पेक्षा जास्त असतो. हिला जिप्सम हवे. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावून त्याची जागा घेते. सुटलेला सोडियम मग पाण्याबरोबर निचऱ्यातून जातो. जिप्समशिवाय नुसतेच पाणी सोडत राहाल तर माती आणखी घट्ट होईल. दोन्ही दोष असतील तर आधी जिप्सम, मग धुणी. निचरा मात्र सर्वांनाच हवा.

आणखी एक सावधगिरी. हिंदीत क्षार म्हणजे अल्क, आणि मिठाला ते लवण म्हणतात. १९६९ साली स्थापन झालेल्या, कर्नाल येथील केंद्रीय संस्थेच्या नावातही 'मृदा लवणता' असेच शब्द आहेत. तेव्हा हिंदी पत्रकात 'क्षारीय भूमि' वाचाल तर ती आपली चोपण समजा, क्षारपड नव्हे.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. रान मोकळे असतानाच माती तपासून घ्या. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या. त्याच्या कडेची माती एकत्र कालवून त्यातली अर्धा किलो स्वच्छ पिशवीत भरा. खताचे रिकामे पोते वापरू नका. सामू आणि क्षारता तर कळेलच, पण चिकटलेला सोडियम आणि जिप्समची गरज हेही तपासून द्या, असे मुद्दाम सांगा.

जिप्समची गाडी सांगायची ती अहवाल हाती आल्यावरच.