पोशेऱ्याची ग्रामसभा आणि टांझानियाचे गाव

प्रजासत्ताक म्हटले की आपली दृष्टी राजधानीकडे वळते. आज मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याकडे पाहू. मात्र वाट टांझानियातून जाते.

१९६७च्या अरुशा घोषणेनंतर ज्युलियस न्येरेरे यांनी ‘उजामा’, म्हणजे कुटुंबभावावर उभे असलेले गाव, हा राज्यव्यवस्थेचा पाया मानला. शाळा, पाणी, दवाखाना पुरवायचा तर विखुरलेली वस्ती एकत्र आली पाहिजे, असा त्यामागचा तर्क. आरंभी हे स्वेच्छेवर सोडले होते. १९७३पासून मात्र लाखो लोक सक्तीने हलवले गेले. १९७५च्या कायद्याने गावातील सर्व प्रौढांची सभा मान्य केली खरी, पण राज्य एकपक्षीय होते. अशा सभेत नकाराला कितीशी जागा असणार? (न्याय म्हणून हेही सांगायला हवे की १९९९च्या ग्रामभूमी कायद्याने गावच्या जमिनीच्या वाटपावर त्याच सभेची संमती आवश्यक ठरवली.)

आपल्या १९९६च्या पेसा कायद्याने नेमकी उलट दिशा धरली. पोशेरा अनुसूचित क्षेत्रात येते. येथे गौण वनोपजावरील मालकीपासून भूसंपादनापूर्वीच्या विचारविनिमयापर्यंत ग्रामसभेला स्थान आहे. महाराष्ट्राच्या २०१४च्या नियमांनुसार तर एखादा पाडाही ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतो. माणसे गावाकडे ओढण्याऐवजी गावपणच पाड्यापर्यंत नेणारा हा विचार मला न्येरेरेंच्या प्रयोगाहून अधिक लोकशाहीचा वाटतो.

अडचण कायद्यात नाही, दिनदर्शिकेत आहे. ग्रामसभेचे रूढ दिवस चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की जव्हार-मोखाड्यातील अनेक वारली, कातकरी, ठाकूर कुटुंबे उचल घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे चारपैकी दोन सभांच्या वेळी सभासदच गावात नसतात. त्यांतली एक तर खुद्द प्रजासत्ताक दिनाची!

टांझानियात राज्याने माणसे हलवली. इथे पोट हलवते. परिणाम सभेच्या दृष्टीने फारसा वेगळा नाही. जंगलाचा, पाण्याचा, गावात काढायच्या कामांचा ठराव मागे राहिलेल्या मूठभरांच्या सह्यांवर होतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. वर्षातील मुख्य ग्रामसभा कापणीनंतर, मुकादमाची गाडी पाड्यावर येण्यापूर्वी भरली पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. चारांहून अधिक सभा घेण्यास कोणाचीच मनाई नाही.