झुकझुक गाडी येऊ द्या, पण आधी जमिनीचे बोला



मागच्या बैठकीत एका भावाने प्रश्न मांडला. तो म्हणाला, "नवेगाव बांधला पाहुणे येऊन राहिले, नागझिऱ्याला येऊन राहिले. मुंबईकडं माथेरानला जशी लहान गाडी आहे, तशी आपल्या जंगलात एक काढली तर पोरांना काम भेटल. मंग तुम्ही कायले नाक मुरडता?" बैठकीत दोन तट पडले. तरुण पोरांनी त्याची बाजू घेतली. म्हातारी माणसे गप्प बसली. अशी गाडी कुठे मंजूर झाली आहे असे नाही, पण बोलणे बाजारात आणि चहाच्या टपरीवर सुरू आहे. म्हणून आम्ही त्या भावाला येथे उत्तर देत आहोत. त्याचा प्रश्न खोटा नाही. पोटाचा प्रश्न कधी खोटा नसतो.

पहिली गोष्ट, छोटी गाडी आपल्याला नवी नाही. गोंदियाहून सौंदड, देवलगाव, अर्जुनी, वडसा, नागभीड करत चांद्याला जाणारी छोटी लाईन आपल्या दारातूनच जात होती. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरकडे जात होती ती तिचीच बहीण. दोन रुळांत अंतर अडीच फूट होते. रूळ जवळजवळ असले की गाडी आखूड वळणावर वळते, डोंगर कमी फोडावा लागतो, पूल लहान पुरतात, खर्च कमी येतो. म्हणून जंगल-पहाडाच्या मुलखात कंपन्यांनी अशा लाईनी टाकल्या. या गाडीत बसून आपण दवाखान्यात गेलो, कोर्टाच्या तारखेला गेलो, मोर्चाला गेलो. गाडीशी आपले वैर नाही.

पण ती आपल्यासाठी आली होती काय? १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली. तिने भंडाऱ्यावरून जाणारी नागपूर-राजनांदगाव लाईन घेतली आणि ती मोठी केली. मोठ्या लाईनीला एका मैलात सतराशे-अठराशे ते दोन हजार स्लीपर लागत. स्लीपर म्हणजे आपला साग, आपला साल. ते कुजले की पुन्हा नवे. रेल्वेला लाकूड पाहिजे होते, म्हणून सरकारने जंगल आपल्या हातात घेतले. १८७८ चा जंगल कायदा झाला, मग १९२७ चा झाला. ज्या जंगलात आपल्या आज्याने कुणाला न विचारता कुऱ्हाड नेली, त्याच जंगलात त्याचा पोरगा चोर ठरला. तिकडे तुमसरच्या बाजूला मँगनीजसाठी तिरोडीपर्यंत रूळ गेले. माल गेला, डब्बे भरभरून गेला. खाणीच्या बाजूच्या गावात काय राहिले ते चिखल्याला जाऊन पाहावे.

आता माथेरानच्या गाडीचे सांगतो. आमच्यातले दोघे मागच्या हिवाळ्यात कर्जत तालुक्यात आदिवासींच्या शिबिराला गेले होते. नेरळला उतरून त्यांनी ती गाडी डोळ्यांनी पाहिली आणि तिथल्या लोकांशी बोलले. तिथल्या मास्तरांनी जुनी माहिती दिली.

माथेरानचा डोंगर साहेबांच्या नजरेत आला १८५० साली. ठाण्याचा कलेक्टर मॅलेट वर चढला, त्याला हवा आवडली. पुस्तकात लिहितात की त्याने माथेरान "शोधून काढले". ठाकर, कातकरी, धनगर त्या डोंगरात आधीपासून होते, पण ते शोधात धरत नाहीत. मग बंगले झाले. वर जायला घोडा, नाही तर डोली. डोली म्हणजे दुसऱ्या माणसाचा खांदा. पुढे मुंबईचे मोठे व्यापारी आदमजी पीरभाई यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले. १९०४ साली काम सुरू झाले आणि २२ मार्च १९०७ ला गाडी धावली. खर्च सोळा लाख रुपये. त्या काळचे सोळा लाख! लांबी वीस किलोमीटरच्या आसपास, रूळ दोन फुटांचे, म्हणजे आपल्या छोट्या लाईनीपेक्षाही लहान.

इंजिने जर्मनीहून आणली होती, वाफेची. काही ठिकाणी वीस फूट चालले की एक फूट चढ, आणि वळणे बैलगाडीला अवघड जातील अशी. म्हणून त्या इंजिनाची चाके वळणावर थोडी सरकतील अशी बसवली होती. रूळ घसरडे झाले की वाळू टाकायची. वाटेत पाणी पाजायचे, त्या स्टेशनाचे नावच वॉटर पाईप. उतरताना इंजिनाच्या ब्रेकने भागत नसे. डब्याडब्यावर ब्रेकवाला उभा, शिट्टी ऐकली की हाताने ब्रेक आवळायचा. पावसाळ्यात गाडी बंद. काम मोठ्या हिकमतीचे होते, हे आम्ही मानतो. पण सोळा लाख कुणी घातले ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. दगड कुणी फोडला, ब्रेक आवळत कोण उभा राहिला, ते नाव कुणाच्या तोंडी नाही.

शिबिरात एक ठाकर बाई भेटली. ती टोपली घेऊन माथेरानला जाते, करवंदे, जांभळे विकते. आम्ही विचारले, मावशी, गाडीने जाता का? ती हसली. म्हणाली, "गाडीत पाव्हनं बसत्यात. आमी पायवाटेनं जातो, गाडीच्या आदी पोचतो." मग म्हणाली, "गाडी वाईट न्हाई रे बाबा. गाडी हाय म्हणून पाव्हनं येत्यात, पाव्हनं येत्यात म्हणून टोपली खपती. पन पायाखालची जागा आपली न्हाई. आज हितं बस म्हणतात, उद्या ऊठ म्हणतात."

भाऊ, तुझ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या मावशीने दिले. गाडीने टोपली खपते, हे खरे. पण इतकी वर्षे गाडी चालूनही तिच्या पायाखालची जागा तिची झाली नाही. ज्याची जमीन पक्की, त्याला पाहुणा आला तर फायदा. ज्याची जमीन कच्ची, त्याला पाहुणा आला की उठावे लागते.

आपली जमीन कशी आहे ते पाहा. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करायचा निर्णय सरकारनेच १९७८ साली काढला. आपल्या किती लोकांना पट्टे मिळाले? अर्ज घेऊन गेले की १९८० च्या वनकायद्याचे नाव सांगून परत पाठवत. जुने बांध, जुनी विहीर दाखवली तरी पावती मागत. रात्री नांगर उचलून नेणाऱ्याने कधी पावती दिली होती काय? १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, १९७५ साली नवेगावचे राष्ट्रीय उद्यान झाले. आत मोहफूल वेचायला, बांबू आणायला, गुरे चारायला बंदी. आता त्याच जागी पाहुण्यांच्या जीपगाड्या जातात. आपल्या बायकांच्या पायाने जंगल बिघडते आणि जीपच्या चाकाने बिघडत नाही, हा हिशोब आम्हाला समजत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. आम्ही गाडीला नाही म्हणत नाही. क्रम बदला म्हणतो.

एक. १९७८ पर्यंतच्या जमिनीचे दावे आधी निकालात काढा. सातबारावर नाव आधी, मग बाकीच्या गोष्टी.

दोन. निस्तार पत्रकात जे हक्क लिहिले आहेत, ते गावात वाचून दाखवा आणि पाळा. ते कुणाची मेहरबानी नाही.

तीन. जंगलात रस्ता, बंगला, गाडी, काहीही आणायचे असेल तर सगळ्या गावाची सभा घ्या. बाया हजर पाहिजेत. बोलणे गोंडीत आणि आपल्या बोलीत व्हावे. जे ठरेल ते लिहून गावाजवळ राहावे.

चार. काम म्हणजे फक्त हमाली नाही. तिकीट फाडायला, इंजिन चालवायला, वाट दाखवायला आमची बारावी झालेली पोरे आहेत. नफ्यातला वाटा कुणाचा, हेही त्याच सभेत ठरले पाहिजे.

हे चार मान्य असेल तर पहिल्या दिवशी आम्ही स्वतः ढोल घेऊन स्टेशनावर येऊ. मान्य नसेल तर आम्ही विचारू, ही झुकझुक कुणासाठी?

आता आपले काम. पुढच्या बाजाराच्या आधी प्रत्येक गावाने तलाठ्याकडून निस्तार पत्रकाची नक्कल मागावी. अर्ज तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. नक्कल दिली नाही तर तारीख आणि वार लिहून ठेवा. ज्याच्याजवळ १९७८ च्या आधीची दंडाची पावती आहे त्याने ती प्लॅस्टिकमध्ये बांधून बैठकीत आणावी. त्या वेळी जो दंड भरला, तोच आज आपला पुरावा आहे.

आणि त्या भावाने पुढच्या बैठकीला नक्की यावे. त्याने प्रश्न विचारला म्हणून आम्ही इतका विचार केला.

जय सेवा!