आरोग्यविचार : कुसळ आणि मुसळ

सोयाबीनची मळणी सुरू झाली कीं चिखली-मेहकरकडील खळ्यांवर भुसकट उडूं लागतें, आणि कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांत कुसळ जातें. आमच्या एका आप्तांच्या शेतावरील गड्याचें असेंच झालें. घरांतील मंडळी सुशिक्षित व दयाळू. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आजोबांस दिलेले थेंब कपाटांत उरले होते; तेच त्यांनीं गड्याच्या डोळ्यांत घातले. दोन दिवस लाली ओसरली, सर्वांस समाधान वाटलें. पुढें डोळा चिघळला, आणि आज त्या बुबुळावर कायमचें फूल आहे. ते थेंब स्टेरॉइडचे होते. त्यांनीं लाली व सूज दबते खरी. पण कुसळाबरोबर बुरशी आंत गेली असेल, तर तिला मोकळें रान मिळतें.

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दिसतें, पण आपल्या डोळ्यांतील मुसळ दिसत नाहीं, अशी आपल्याकडे म्हण आहे. येथें कुसळ गड्याच्या डोळ्यांत होतें. मुसळ होतें तें ‘आजोबांस गुण आला, म्हणून यासहि येईल’ या समजुतींत. मात्र हा दोष केवळ घरगुती माणसांचा आहे, असें वाचकांनीं समजूं नये. तज्ज्ञांच्या समजुतींतहि अशीं मुसळें असतात. तीं शोधून काढण्याची एक रीत आहे, आणि तीच आज सांगावयाची आहे.

बुरशीमुळें बुबुळावर होणाऱ्या व्रणावर नाटामायसिन हें जुनें औषध आहे. पुढें व्होरिकोनाझोल हें नवें औषध आलें. तें डोळ्यांत अधिक खोल शिरतें, म्हणून अधिक गुणकारी असावें, असें अनेक तज्ज्ञांस वाटे. तर्क उत्तम होता. परंतु मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनीं अमेरिकेंतील संशोधकांच्या सहकार्यानें त्याची परीक्षा घेतली. ३२३ रोग्यांपैकीं कोणास कोणतें औषध द्यावयाचें, हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरविलें, आणि रोग्यास व दृष्टि मोजणारास तें कळूं दिलें नाहीं. निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. जुन्या औषधाच्या रोग्यांची दृष्टि अधिक चांगली राहिली. नव्या औषधाच्या गटांत बुबुळास भोंक पडण्याचे प्रसंग अधिक आले.

दुसरें उदाहरण नेपाळचें. भक्तपूर भागांत बुबुळ खरचटलेल्या ४४२ लोकांस प्रतिजैविक मलम देण्यांत आलें, आणि ४२४ जणांचे डोळे व्रण न होतां बरे झाले, असा वृत्तांत २००१ सालीं प्रसिद्ध झाला. वाचतांच मान डोलते. पण मलमावांचून किती जण बरे झाले असते? तुलनेचा गटच नव्हता, आणि खरचटलेलें बुबुळ पुष्कळदां आपोआपहि भरून येतें. पुढें नेपाळांतच कांहीं गांवांत अशी योजना चालवून व कांहींत न चालवून तुलना झाली. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत व्रणांचें प्रमाण घटलेलें आढळलें नाहीं. यावरून मलम निरुपयोगी ठरत नाहीं. पहिल्या वृत्तांतावर आपण किती विसंबलों होतों, एवढें मात्र कळतें.

बुलढाण्यास २०२४ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, ही आनंदाची गोष्ट होय. तेथील विद्यार्थ्यांस, तसेंच ग्रामीण रुग्णालयांतील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांस व चष्म्याचा नंबर काढणाऱ्या दृष्टितज्ज्ञांस, शोधनिबंध पारखून वाचावयास शिकविलें पाहिजे. कारण खळ्यावरून आलेला डोळा बहुधा प्रथम यांच्यापैकींच कोणी पाहतो. त्यास मोठा खर्च नाहीं. महिन्यांतून एक संध्याकाळ, एक निबंध आणि चार प्रश्न पुरेत. तुलना कशाशीं केली? रोग्यांची वांटणी निःपक्षपाती होती काय? मोजणारास औषध ठाऊक होतें काय? मध्येंच किती रोगी गळाले? शेवटीं, हें आपल्या रोग्यास लागू पडतें काय, याचा विचार व्हावा. एकेका प्रश्नावरील सर्व प्रयोग एकत्र करून पारखणारी ‘कॉक्रेन’ नांवाची संस्था १९९३ पासून काम करीत आहे. तिच्या आढाव्यांचाहि उपयोग होईल.

कोणी म्हणेल, मग वीस वर्षांच्या अनुभवास किंमत नाहीं काय? आहे, रोग्याचा हात हातांत घेतल्यावांचून वैद्यक येत नाहीं. परंतु अनुभवासहि एक आंधळी बाजू असते. बरा झालेला रोगी पेढे घेऊन परत येतो. बिघडलेला दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. पहिल्याची आठवण राहते, दुसऱ्याची गणतीच होत नाहीं. ती गणती करणें, हेंच या सर्व शिक्षणाचें सार होय.

घरच्यांनीं इतकेंच करावें : डोळ्यांत कुसळ गेल्यास चोळूं नये, स्वच्छ पाण्यानें धुवावें, आणि खुपणें वा लाली राहिल्यास त्याच दिवशीं नेत्रतज्ज्ञांकडे जावें. दुसऱ्याचे थेंब कधींहि घालूं नयेत. आमच्या आप्तांच्या कपाटांत आतां उरलेले थेंब ठेवीत नाहींत. तो गडी यंदाहि मळणीस उभा राहिला. दोन्ही डोळ्यांवर त्यानें चष्मा लावला होता; पाहत होता मात्र एकाच डोळ्यानें.