करून पाहणे आणि लिहिणे

शालेय विज्ञानाचे पाठ्यपुस्तक हा साहित्याच्या अभ्यासकाने हाती घ्यावयाचा ग्रंथ नव्हे, असा आपल्या विद्यापीठीय वर्तुळात एक अलिखित संकेत आहे. वस्तुतः कोणत्याही भाषेतील मुले ज्या गद्यावर वाढतात, त्याचा फार मोठा भाग कथाकादंबऱ्यांचा नसून भूगोल, इतिहास आणि विज्ञान यांच्या धड्यांचा असतो. वाक्य कसे उभे राहते, विधान कोणाच्या अधिकाराने केले जाते, शंका कोठे घ्यावयाची आणि कोठे नाही, हे मूल तेथेच शिकते. म्हणून प्राथमिक शाळेत विज्ञान प्रयोगांतून शिकवावे की पुस्तकातून, हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्रज्ञांवर सोपवून आपण स्वस्थ बसावे, हे मला पटत नाही. तो गद्याचाही प्रश्न आहे.

हा विचार मनात पक्का झाला तो जबलपुरात. काही वर्षांपूर्वी तेथील एका शाळेच्या सातवीच्या वर्गात बसण्याचा योग आला. (शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, अशा शाळा सर्वत्र आहेत.) संगमरवरावर आम्ल टाकले असता वायूचे बुडबुडे निघतात, हा धडा चालू होता. शिक्षक उत्साही होते. त्यांनी विरल हायड्रोक्लोरिक आम्ल खरोखरच वर्गात आणले होते. आणि भेडाघाट हाकेच्या अंतरावर असताना संगमरवर विकत कशाला आणावा? एका मुलीने घरून तुकडा आणला होता. त्यावर आम्लाचे थेंब पडले आणि जवळजवळ काहीच घडले नाही. मुलांची चुळबुळ सुरू झाली. त्या मुलीने मात्र दगडाची कड दुसऱ्या दगडावर घासली, खाली पडलेल्या पांढऱ्या भुकटीवर थेंब टाकावयास लावला, आणि भुकटी फसफसली. तिने वहीत लिहिले की दगडावर बुडबुडे दिसत नाहीत, पिठावर दिसतात. मुलगी मराठी घरातली. तोंडाने ती शेजारणीला ‘बुडबुडे’ म्हणाली आणि वहीत ‘बुलबुले’ लिहिले. तास संपताना वह्या तपासल्या गेल्या. तिचे वाक्य खोडरबराने पुसले गेले आणि त्या जागी पुस्तकातले वाक्य आले.

शिक्षकांना मी दोष देत नाही. परीक्षेत पुस्तकातलेच वाक्य विचारले जाणार होते, आणि मुलीचे गुण जाऊ नयेत हीच त्यांची कळकळ होती. पण खरे कोणाचे होते? भेडाघाटचा संगमरवर बव्हंशी डोलोमाइटी आहे. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही आहे. असा दगड थंड, विरल आम्लाशी फार सावकाश क्रिया करतो. भुकटी केली की पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि तीच क्रिया डोळ्यांना दिसू लागते. पुस्तकातले वाक्य चुनखडीच्या संगमरवराबद्दल होते, मुलीचे वाक्य तिच्या गावच्या दगडाबद्दल. भूशास्त्रज्ञ चुनखडी आणि डोलोमाइट यांतला फरक क्षेत्रावर नेमका याच कसोटीने ओळखतात. म्हणजे बारा वर्षांच्या मुलीने एक प्रमाण परीक्षा स्वतः शोधून काढली होती, आणि ती पुसली गेली.

जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले, तर नरसिंहपूर आणि गाडरवारा मागे टाकल्यावर बनखेडी लागते. या बनखेडीच्या परिसरातील ‘किशोर भारती’ आणि होशंगाबादजवळच्या रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकविण्यास आरंभ केला. (जिल्ह्याचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम् आहे.) किशोर भारतीचे डॉ. अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आले होते. त्या संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिक या कामात सामील झाले. १९७८ मध्ये सबंध जिल्ह्याच्या शाळांत हा कार्यक्रम गेला, १९८२ मध्ये त्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली, आणि पुढे तो राज्याच्या इतर जिल्ह्यांतही पोहोचला. एवढा इतिहास पुष्कळांना ठाऊक आहे. बाभळीच्या काट्याने फूल उकलण्याची, काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून आकृत्या उभारण्याची गोष्टही सांगितली जाते. अरविंद गुप्ता यांच्या खेळण्यांचा उगम या होशंगाबादेतच आहे. साधने स्वस्त होती हे खरे; पण स्वस्त साधनांच्या कौतुकात एक गोष्ट दृष्टिआड होते, आणि माझ्या मते तीच मुख्य होय.

ती म्हणजे त्या कार्यक्रमाचे ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक. त्यात प्रयोग कसा करावा हे आहे, प्रश्न आहेत, पण उत्तरे नाहीत. मुलाने प्रयोग करावा, गटात वाद घालावा, आणि जे दिसले ते स्वतःच्या वाक्यात वहीत लिहावे. पुस्तक आणि वही मिळून धडा पुरा व्हावयाचा. परीक्षेला दोन्ही सोबत नेण्याची मुभा होती. साहित्याच्या परिभाषेत बोलावयाचे तर हे जाणूनबुजून अपूर्ण ठेवलेले पुस्तक होते, आणि त्याचा उत्तरार्ध हजारो मुलांनी आपापल्या भाषेत लिहिला. पारिभाषिक शब्दांची घाईही तेथे नव्हती; आधी वस्तू हाती यावी, मग तिच्यातील भेद ध्यानी यावा, आणि नाव त्यानंतर यावे, असा तो क्रम होता. शिवाय ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक व्यक्तीला मुले पत्रे लिहीत, आणि त्यांना उत्तरे जात. हिंदीच्या अभ्यासकांनी या पत्रांकडे गद्य म्हणून पाहावयास हवे होते. आपणही असे काही मराठीत पाहिलेले नाही, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

२००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हा कार्यक्रम बंद केला. जिल्ह्यातली मुले इतरांच्या मागे पडतील, पुस्तकात माहिती नाही, पुढच्या इयत्तांत ती लागते, हे आक्षेप होते. ते सगळेच खोटे होते असे मी म्हणणार नाही. पालकाला पुस्तकात उत्तर हवे असते, कारण शिकवणी लावण्याची ऐपत त्याच्याजवळ नसते. आणि ज्या शाळेत प्रयोगाची पेटी कुलुपातच राहते, तेथे उत्तराविना पुस्तक म्हणजे मुलावर अन्यायच. माहितीला प्रतिष्ठा आहे ती उगाच नव्हे. परंतु तीस वर्षे चाललेले काम तपासताना त्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या वह्यांचे वजन किती पडले, हा प्रश्न मला छळतो. गुण मोजता येतात. ‘पिठावर दिसतात’ हे वाक्य मोजावयाचे कसे?

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९५६ पूर्वी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि तो प्रांत हिंदी व मराठी असा द्वैभाषिक होता. त्याच नागपुरात डॉ. रघुवीर यांनी शासन आणि शास्त्रे यांसाठी संस्कृत धातूंवरून शब्द घडविण्याचा अचाट उद्योग केला. दोन्ही भाषांना एकच परिभाषा मिळावी हा हेतू उदात्त होता, आणि त्या घडणीतील कौशल्य आजही थक्क करते. परंतु अशा परिभाषेत शब्द अनुभवाच्या आधी येतो. ‘बाष्पीभवन’ हा शब्द मराठी मुलगा पाठ करतो. दोरीवरचे ओले धोतर वाऱ्याच्या दिवशी लवकर वाळते, हे त्याला आधीच ठाऊक असते. पण दोहोंचा संबंध आहे हे त्याला कोणी सांगत नाही. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे (स्थापना १९७४) वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातील खिरोद्याच्या परिसरात काम करीत होते. विज्ञान कठीण जाते त्यात पुस्तकाच्या भाषेचा वाटा मोठा आहे, हे कुलकर्णी यांनी आग्रहाने मांडले. एका भौतिकीच्या अभ्यासकाने ते सांगावे आणि मराठीच्या अध्यापकांनी त्याकडे फारसे लक्ष देऊ नये, ही आपली शोकांतिका म्हणा की प्रहसन.

मराठीला तर या बाबतीत एक आयते भांडवल आहे. ‘करून पाहणे’ हा आपला संयुक्त क्रियापदाचा प्रकार पाहा. चाखून पाहतो, विचारून पाहतो, उचलून पाहतो: कृतीला पाहणे जोडल्याखेरीज आपली भाषा प्रयत्नाची गोष्ट पुरी करीत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत ‘करून पहा’ या शीर्षकाच्या चौकटी असतात, आणि शीर्षक उत्तमच आहे. पण त्या चौकटीखाली पुष्कळदा दुसऱ्याच ओळीत काय दिसेल ते छापलेले असते. मग करावयाचे कशाला, आणि पाहावयाचे काय? चतुर मूल करीत नाही. ते खालची ओळ उतरवून घेते. मुलाची यात चूक नाही.

साधनांची पेटी शाळेत गेली पाहिजे, शिक्षकाला प्रशिक्षण मिळाले पाहिजे, या मागण्या योग्यच आहेत आणि त्या करणारे लोक आहेत. भाषाविभागांनी करावयाचे काम वेगळे आहे. प्रयोगाखालचे उत्तर काढून तेथे कोऱ्या ओळी ठेवाव्यात असा आग्रह आपण धरावा. मराठी मुलांच्या प्रयोगवह्या जमवाव्यात, चंद्रपूरच्या, खानदेशच्या, कोकणातल्या, आणि जबलपूर-इंदूरच्या मराठी घरांतल्याही. त्यांत निरीक्षणासाठी कोणती क्रियापदे येतात, ‘फसफसणे’ आणि ‘उफाळणे’ यांत मूल कोठे भेद करते, बोलीतला शब्द कोणत्या क्षणी प्रमाण शब्दाला जागा करून देतो, हे पाहावे. अशा शब्दांची एक सूची पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांच्या हाती दिली, तर ती एखाद्या नव्या परिभाषाकोशापेक्षा त्यांच्या अधिक उपयोगी पडेल.

जबलपूरच्या त्या वहीचे पान मी नंतर मागून पाहिले होते. पेन्सिल दाबून लिहिण्याची त्या मुलीला सवय असावी; पुसलेल्या ओळीचे वळ कागदावर राहिले होते, आणि पान उजेडाकडे तिरपे धरले की नव्या वाक्याखालून जुने वाक्य वाचता येत होते.