टी-शर्टावरचा गरुड आणि नव्वद दिवसांचा दाखला

काल सकाळी लेबर नाक्यावर एक पोरगं दिसलं. विशी-बाविशीचं. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर गोल शिक्का, मधोमध पंख पसरलेला गरुड आणि इंग्रजीत 'रॅमोन्स'. आठवडी बाजारातून दीडशेला घेतलेला. "काय आहे रे हे?" विचारलं, तर म्हणतो, "काय की सर, कंपनी असंल."

कंपनी नाही रे बाबा, बँड होता. न्यूयॉर्कचा. मूळचे चौघेही वारले, शेवटचा २०१४ साली. आणि त्यातला गिटारवाला जॉनी, त्याचं नाव त्याच शिक्क्यावर आहे बघ, तो बँड काढायच्या आधी तुझ्यासारखाच बांधकामावर होता. त्याचा बापही बांधकामातलाच.

१९७६ साली त्यांची पहिली रेकॉर्ड आली. चौदा गाणी, एकूण एकोणतीस मिनिटं. ना आलाप, ना नखरे. पंक म्हणतात ते हेच. त्या रेकॉर्डला अमेरिकेत 'गोल्ड', म्हणजे पाच लाख प्रतींचा मान, मिळायला अडतीस वर्षं लागली. टी-शर्ट मात्र तोवर जगभर पोचला होता. जिथे ते वाजवायचे तो सीबीजीबी क्लब २००६ ला बंद पडला, त्या जागी उंची कपड्यांचं दुकान आलं. २०१३ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमनं पंकच्या फॅशनचं प्रदर्शन भरवलं. फाटके कपडे आणि सेफ्टी पिना, काचेआड.

माझ्या वयाचे, पुण्यात होस्टेलला असताना कॅसेटी ऐकलेले मित्र म्हणतात, पंक म्हातारं झालं, विकलं गेलं. मला हे पटत नाही. ही माणसं बावीस वर्षं गाडीतून फिरत राहिली, दोन हजारांवर कार्यक्रम केले. रोजंदारीच की ती. (जॉनीला कामगारांचा हिरो करायला निघालात तर सांभाळून. गडी रेगनचा भक्त होता, आणि २००२ मध्ये सत्काराच्या स्टेजवरून त्यानं बुशचं भलं चिंतलं.) गाणी आजही ऐका, ताजी आहेत. म्हातारे झालो ते आपण. बंड आपल्याला छातीवर छापलेलं चालतं. ते छापील बंड घालून घमेलं उचलणारा मात्र दिसत नाही.

अमेरिकेला हसू नका. अण्णाभाऊ साठे मुंबईत गिरणीत राबले. १ ऑगस्टला आपल्या गावात त्यांचा फोटो केवढा, डीजे केवढा! दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चौकात मजुराचा भाव पाडताना कुणाचा हात थरथरतो का?

आता मुद्द्यावर येतो. हे पोरगं चार वर्षं बिगारी आहे. स्लॅबच्या दिवशी मिक्सरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत माल वाहतं. सिमेंटनं बोटांची सालटं निघालीत. पण बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंद नाही. कारण वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि ठेकेदार सही करत नाही. का करील? सही केली की हा माणूस आपल्याकडे होता हे कागदावर येतं. उद्या परातीवरून पडला तर जबाबदारी गळ्यात. तोंडी ठेवलं की "हा कोण, आम्ही ओळखत नाही" म्हणायला मोकळे. कायदा १९९६ सालीच झाला. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर याच लोकांच्या नावानं गोळा होतो. आणि ज्यांनी जन्मात थापी धरली नाही असे लोक दलालाला पैसे देऊन दाखला मिळवतात, भांड्यांचा संच घरी नेतात. अशी घरं मी स्वतः पाहिलीत. खरा बिगारी बाहेरच राहतो. साठीनंतर तर नोंदच होत नाही, आणि नाक्यावर साठीकडे झुकलेले निदान पाच-सहा जण रोज उभे असतात. त्यांनी कधी जायचं?

ठेकेदार मंडळींपैकी बरेच जण माझी पोस्ट वाचता, लाइकही करता, मला माहीत आहे. दाखल्याचे कोरे फॉर्म मी झेरॉक्स करून ठेवलेत. सोमवारी सकाळी सात वाजता नाक्यावर या. तुमच्याकडे खरंच राबलेत त्यांच्याच फॉर्मवर सही करा, एकही खोटी नको. पेन मी आणतो.